धार तुमची, घाण कुणाची?

हल्ली पुण्या-मुंबईच्या आयटीवाल्यांना सुतारकामाचं वेड लागलंय. चांगलं आहे. आठवडाभर स्क्रीनकडे बघून शिणलेला माणूस शनिवारी रंधा हातात घेत असेल तर कुणाचं काय जातंय? माझी तक्रार आहे ती फोटोंबद्दल. पटाशी, धारेचा दगड आणि मनगटापर्यंत काळे झालेले हात. खाली वाक्य ठरलेलं: 'कारागिरी म्हटली की घाण होणारच!'

साफ चूक. आपल्या कोडमध्ये मेमरी लीक सापडली तर 'प्रोग्रामिंग म्हटलं की लीक होणारच' असं रिव्ह्यूमध्ये सांगता का? मग इथेच एवढं कौतुक कशाला?

आधी ती घाण म्हणजे काय ते बघू. पटाशी दगडावर घासली की पोलाद झिजतं, थोडा दगडही झिजतो. ही पूड उचलायला आपण तेल किंवा पाणी घालतो, नाहीतर दगड बुजतो. म्हणजे काळा लगदा होणार, त्याला इलाज नाही. पण तो फरशीवर, बेसिनमध्ये आणि लाकडावर जाणं मात्र अजिबात अटळ नाही. हे दोन वेगळे मुद्दे आहेत आणि लोक ते सोयीस्करपणे एक करून टाकतात.

बरं, हा नुसता टापटिपीचा प्रश्न नाही. जाड दगडावरचा एखादा कण बारीक दगडावर गेला की पात्यावर ओरखडा पडलाच. मग बसा पुन्हा घासत. लाकडाचंही तसंच. आमच्या धाराशिव जिल्ह्यात औतं-अवजारं परंपरेनं बाभळीची. बाभळीत टॅनिन भरपूर, म्हणून तर तिची साल कातडं कमवायला वापरतात. अशा लाकडावर पोलादाची ओली पूड पडली की निळे-काळे डाग उमटतात. हिरडा आणि हिराकस एकत्र करून जुने लोक शाई करायचे, तीच ही केमिस्ट्री. शाई पोथीवर शोभते हो, रंधा मारलेल्या फळीवर नाही.

तेलाचंही सांगतो. आमच्याकडे करडई पिकते, घरात तेल असतं, म्हणून कुणी तेच दगडावर ओततं. करडईचं तेल हवेत सुकून चिकट होतं (चित्रकारांचे रंग त्यात खलतात ते याच गुणामुळे) आणि दगडाची भोकं बुजतात. शिलाई मशीनचं पातळ तेल घ्या, तेही चार थेंब. तेल जास्त म्हणजे धार जास्त, असं काही नसतं.

आता खरा मुद्दा. इंग्लंडमधलं शेफील्ड हे चाकू-सुऱ्यांचं गाव. तिथे वालुकाश्माच्या चाकांवर पाती घासत. एकोणिसाव्या शतकात तिथल्या एका डॉक्टरनं नोंदवून ठेवलंय की कोरडं घासणारे कामगार सरासरी जेमतेम पस्तिशी गाठायचे आणि ओलं घासणारे पंचेचाळिशी. दगडाची धूळ फुप्फुसात जायची. ओल्या कामात त्यातली बरीच पाण्यात अडकून राहायची. म्हणजे घाण जागच्या जागी धरून ठेवण्याची किंमत दहा वर्षं आयुष्य! आजची कृत्रिम चाकं त्या वालुकाश्माची नसतात, मान्य. पण आमच्या तालुक्याच्या गावी जा. इलेक्ट्रिक ग्राइंडर रंध्याच्या सालपटांशेजारी मांडलेला, ठिणग्या भुशावर, डोळ्याला चष्मा नाही, तोंडाला रुमाल नाही. आणि संध्याकाळी ती पूड कोरड्या झाडूनं उडवत झाडतो कोण? तर दुकानातला सगळ्यात लहान पोऱ्या.

शहरात तरी काय वेगळं? फ्लॅटच्या बाल्कनीत साहेबांनी धार लावली, फोटो टाकला, दगड नळाखाली धरून धुतला. लगदा बेसिनच्या पाइपात जाऊन बसला. सोमवारी काळी फरशी घासायला मावशी आहेतच! एकानं काम करायचं आणि दुसऱ्यानं निस्तरायचं ही आपली जुनी खोड आहे. छंद नवा आणला, खोड तीच ठेवली. आणि नळाखाली दगड धुण्याबद्दल तर काय बोलावं... ज्या भागात टँकरची वाट बघत उन्हाळे गेलेत, शेजारच्या लातूरला २०१६ साली रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथल्या माणसाला हे बघवत नाही.

'पण त्यासाठी खास ट्रे येतात ना, मागवलाय एक,' असं कुणीतरी म्हणेलच. नका मागवू. घरातली जुनी परात घ्या. तळाशी ओलं गोणपाट, त्यावर दगड, म्हणजे तो सरकत नाही. पाणी शिंपडा, ओतू नका. दगड बदलताना पातं आणि हात पुसा, दर वेळी. शेवटी परात छोट्या बादलीत खंगाळा आणि रात्रभर ठेवा. सकाळी वर नितळ पाणी, खाली गाळ. पाणी झाडाला, गाळ कागदात गुंडाळून कचऱ्यात. (तेलाचा दगड असेल तर चिंधीनं पुसा, बादली नको.) करवतीला कानस मारताना खाली वर्तमानपत्र पसरा. सांडलेला कीस लोहचुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून उचला आणि पिशवी उलटी करा, कीस आत. ग्राइंडर लागतच असेल तर भुशापासून लांब, चष्मा आणि मास्क लावून. लाकडाचा भुसा ओढणारा व्हॅक्यूम त्याला जोडू नका, आतल्या भुशात ठिणगी गेली तर पेट घेईल.

एकूण खर्च शून्याच्या आसपास, वेळ दहा मिनिटं. यात फोटो काढण्यासारखं काही नाही, हीच अडचण असावी.

आमच्या जिल्ह्यात तेरला उत्तरेश्वर मंदिराची जुनी कोरीव लाकडी चौकट आहे. ती घडवणाऱ्याचे हात किती काळे झाले होते हे आज कुणालाच माहीत नाही. चौकट तेवढी राहिली. तेव्हा लेको, काळे हात दाखवू नका. काय घडवलंत ते दाखवा, आणि धार लावून झाल्यावर खालची फरशी कुणी पुसली तेही सांगा.