बदलीच्या फाईलवरचा शेरा

प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी पोलीस सुधारणेसाठी सात निर्देश दिले. ‘पोलीस’ हा विषय राज्यसूचीतला, त्यामुळे खासदारांच्या हाती यात फारसे काही नाही. सोराबजी समितीचा आदर्श पोलीस कायद्याचा मसुदाही केंद्राचा सल्ला म्हणूनच राहिला. खऱ्या दोऱ्या विधानभवनात आणि मंत्रालयात आहेत.

महाराष्ट्राने २०१४ मध्ये पोलीस कायद्यात दुरुस्ती केली. बदल्यांची शिफारस करणारी आस्थापना मंडळे आली, ठाण्यातल्या निरीक्षकाला दोन वर्षांचा कार्यकाळ मिळाला. पण त्याच कायद्यात पळवाटही आहे. गंभीर तक्रार किंवा कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न असेल तर सर्वोच्च सक्षम प्राधिकाऱ्याला मंडळाच्या शिफारशीविनाही बदली करता येते.

व्यवहारात काय घडते, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. आमदारांच्या लेटरहेडवर दोन ओळी येतात, त्यावर ‘तपासून सादर करावे’ असा शेरा पडतो आणि मंडळाच्या इतिवृत्तात ‘प्रशासकीय निकड’ एवढे दोनच शब्द उमटतात. अधिकारी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात (मॅट) गेला की ही निकड नेमकी कोणती, याचे उत्तर फाईलमध्ये सापडत नाही. बदलीसाठी राजकीय दबाव आणणे वर्तणूक नियमांनुसार गैरवर्तन आहे. कारवाई झालीच तर ती अधिकाऱ्यावर होते, पत्र देणाऱ्याला कोणी विचारत नाही.

लोकप्रतिनिधींनी पोलिसांपासून दूर राहावे, असे आमचे मुळीच म्हणणे नाही. जिल्हा नियोजन समितीतून पालकमंत्री ठाण्याला वाहने, सीसीटीव्ही देऊ शकतात. गृहखात्याच्या मागण्यांवर सभागृहात बोलता येते, तारांकित प्रश्न विचारता येतात. न्यायालयाच्या त्याच निर्देशांतून आलेल्या राज्य सुरक्षा आयोगाचे अध्यक्ष गृहमंत्री असले तरी विधानसभेतील विरोधी पक्षनेताही त्याचा सदस्य असतो, कारण पोलीस एका पक्षाचे नसतात. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत मात्र कोणत्याही विरोधी पक्षाला सभागृहाच्या दहा टक्के जागा मिळाल्या नाहीत आणि ते पद दीर्घकाळ रिकामे राहिले. मतपेटीचा परिणाम पोलीस सुधारणेवर असाही होतो.

आयोगाचा अहवाल विधिमंडळापुढे यावा, असे न्यायालयाने २००६ मध्येच सांगितले होते. आमदारांनी तो मागावा. एका निरीक्षकाच्या नेमणुकीपेक्षा ती मागणी मोलाची आहे. आणि आस्थापना शाखेतल्या आमच्या वाचकांना विनंती : मुदतपूर्व बदलीच्या प्रत्येक प्रस्तावात कारण सविस्तर लिहा आणि शिफारसपत्र आले असेल तर ते फाईललाच जोडा.