संकटकाळातील सेवेचा क्रम

संकटाच्या काळात ख्रिस्ती सेवकाची श्रद्धा सहसा एका फटक्यात जात नाही. ती कामाखाली दबत जाते. पूर आला, साथ पसरली की पाळक धान्याच्या याद्या करतो, सरकारी कचेरीत खेपा घालतो, रुग्णांना दवाखान्यात पोचवतो, देणगीदारांना पत्रे लिहितो. ही सारी कामे चांगली असतात, म्हणूनच त्यांतल्या एकालाही नाही म्हणणे जड जाते. आधी पहाटेची प्रार्थना सुटते, मग उपदेशाची तयारी शनिवारच्या रात्रीवर ढकलली जाते, आणि आजाऱ्याच्या खाटेशी निवांत बसणे तर आपोआपच संपते.

पहिल्या मंडळीपुढे नेमका हाच पेच होता. रोजच्या अन्नवाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवा डावलल्या जातात, ही यरुशलेमेतील तक्रार प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात नोंदलेली आहे. प्रेषितांनी ती झटकली नाही, आणि वाटपही स्वतःकडे घेतले नाही. मंडळीने सात जण निवडले. प्रेषित प्रार्थना आणि वचनाची सेवा यांतच राहिले. या सातही जणांची नावे ग्रीक आहेत, तेव्हा ज्यांचे गाऱ्हाणे होते त्यांच्यातूनच ही माणसे घेतली गेली असावीत. त्यांच्या निवडीसाठी चांगला लौकिक, पवित्र आत्म्याची परिपूर्णता आणि ज्ञान पाहिले गेले. पंगत वाढण्याच्या कामाला इतकी मोठी पात्रता लावली, याचा अर्थ ते काम दुय्यम मानले नव्हते. पुष्कळ मंडळ्यांत मात्र मदतकार्य ज्याला वेळ असेल त्याच्यावर सोपवले जाते, आणि गोंधळ वाढला की ते फिरून पाळकाकडेच येते.

महाराष्ट्रात या बाबतीत सर्वांत शिकण्यासारखे काम केडगावला, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये झाले. रमाबाईंनी स्वतः दुष्काळात आईवडील गमावले होते. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा त्या तिकडे गेल्या आणि शेकडो मुली व विधवांना घेऊन आल्या. त्याच सुमारास पुण्यात प्लेग शिरल्यामुळे या नव्या मुलींची सोय केडगावच्या शेतजमिनीवर करावी लागली. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. भुकेने खंगलेल्या, आजारी, अनेकदा अत्याचार सोसलेल्या या मुलींना आधी अन्न, आंघोळ, औषध आणि कपडे मिळाले. हाच योग्य क्रम होता. पण काम तिथे थांबले नाही. शाळा चालली, शेती आणि विणकाम चालले, मुलींच्या हातांनी छापखाना चालला, अंध स्त्रिया ब्रेल शिकल्या. थोरल्या मुलींनी धाकट्यांचा सांभाळ केला आणि त्यांना शिकवले. एवढ्या पसाऱ्यात प्रार्थना उरलेल्या वेळेची बाब नव्हती; दिवसाची आखणी तिच्याभोवती होती.

रमाबाईंच्या पवित्र शास्त्राच्या भाषांतराकडे तर पाळकांनी मुद्दाम पाहायला हवे. दुष्काळातून आलेल्या, जेमतेम अक्षरओळख झालेल्या बाईलाही वाचून समजेल असे मराठी शास्त्र त्यांना हवे होते. त्यासाठी त्यांनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास केला. संस्थेचा खर्च, आजारपणे, टीका यांपैकी काहीही थांबले नव्हते. १९२१ मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. तरीही त्या या कामाला लागून राहिल्या, आणि एप्रिल १९२२ मध्ये त्यांचे निधन झाले त्याआधी ते हातावेगळे झाले होते. ज्या कामाने कुणाचेही पोट त्या दिवशी भरत नव्हते, त्याला त्यांनी रोजचा वेळ दिला. मुक्तीचा खरा पाया त्यांना तिथे दिसत होता.

आजच्या मंडळीत हे आणायचे तर सुरुवात संकटाआधी करावी लागते. धान्य, पैसा आणि हिशेब कोण पाहणार, हे वडीलमंडळींनी शांत दिवसांतच नावानिशी ठरवावे. मदत देताना धर्म विचारू नये आणि उपासनेला येण्याची अट घालू नये. भुकेल्या माणसाकडून घेतलेला होकार त्याच्या श्रद्धेचा नसतो. पाळकाने दुःखितांच्या घरी जाणे, प्रभुभोजन आणि अंत्यविधी स्वतःकडे ठेवावेत. प्रार्थनेची आणि शास्त्रवाचनाची त्याची वेळ मंडळीला माहीत असावी, म्हणजे त्या वेळी येणारे फोन दुसरा कुणीतरी घेईल. आणि महिनोन्‌महिने चालणाऱ्या संकटात त्यालाही रजा मिळावी, त्याच्या जागी उपदेश करायला शेजारच्या मंडळीतला सहकारी यावा, ही सोय वडीलमंडळींनीच करून द्यायची आहे.