निबंधाच्या वहीत मनाचे आरोग्य

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी साडेसहाला अमेरिकेतून भाचीचा फोन आला. अवेळी परदेशातून फोन आला की आमच्या घरात अजूनही छातीत धस्स होते. पण काळजीचे काही नव्हते. ती तिथे दहावीत शिकते.

"मामा, इंग्रजीच्या तासाला एक प्रकल्प दिलाय. आपल्या आयुष्यातला एक खरा प्रसंग लिहायचा. मी नाना गेले तेव्हाचं लिहितेय. तू त्यांच्याजवळ होतास ना? शेवटच्या रात्री ते काय बोलले?"

दिवसभर लोकांचा रक्तदाब मोजणारा मी. त्या वेळी कोणी माझा मोजला असता तर त्यालाच गोळी लिहून द्यावीशी वाटली असती. "अगं, मग सांगतो, दवाखान्याची वेळ झाली," असे म्हणून मी फोन ठेवला. रविवारी माझा दवाखाना बंद असतो, हे तिलाही ठाऊक आहे.

नाना म्हणजे माझे वडील. मे २०२१ च्या पहिल्या आठवड्यात, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत ते गेले. ४ मेपासून अमेरिकेने भारतातून येणाऱ्या बहुतेक परदेशी नागरिकांना प्रवेश बंद केला होता. बहीण व्हिसावर तिकडे. इकडे आली असती तर परत कधी जाता आले असते, याची खात्री नव्हती. भाची तेव्हा अकरा वर्षांची. आजोबांचा अंत्यविधी मायलेकींनी मोबाईलवर पाहिला. त्यानंतर या विषयावर आमच्या घरात कोणी फारसे बोलले नाही. आपल्याकडे यालाच 'सावरले' असे म्हणतात.

भाचीला दिलेला प्रकल्प कसा असतो ते मी तिच्याकडून समजून घेतले, कारण तो आपल्या पालकांना आणि शिक्षकांना कळावा असा आहे. अमेरिकेतील अनेक माध्यमिक शाळांत इंग्रजीच्या तासाला तो करून घेतात. त्याला ते 'मेम्वार' म्हणतात. हे आत्मचरित्र नव्हे. जन्मापासूनची हकिगत सांगायची नसते. एकच प्रसंग, एकच आठवण घ्यायची आणि ती नीट उलगडायची. लक्ष्मीबाई टिळकांनी आपल्या पुस्तकाला 'स्मृतिचित्रे' हे नाव दिले, तोच शब्द इथे शोभेल. भाचीच्या वर्गात आधी आठवणींची यादी करायला सांगितली, मग त्यातली एक निवडायला. घरच्या माणसांना विचारून तपशील गोळा करायचे, कच्चा मसुदा लिहायचा, वर्गातल्या एका सोबत्याला वाचायला द्यायचा आणि पुन्हा लिहायचे. शेवटी एक पान: या प्रसंगाने मला काय कळले? असा महिनाभराचा उद्योग.

आता आपल्याकडचा निबंध आठवा. 'मी पाहिलेला अपघात' हा विषय आपण सर्वांनी लिहिला आहे. अपघात किती जणांनी पाहिला होता? गाईडमधला ट्रक आणि गाईडमधली रुग्णवाहिका सगळ्या वर्गाच्या वहीत एकाच वळणावर यायची. ज्या मुलाच्या घरी खरोखर अपघात घडलेला असे, तोही गाईडमधलाच लिहायचा, कारण गुण त्याला होते. खरे लिहायचे नसते, हे मूल फार लवकर शिकते.

आरोग्याच्या सदरात निबंध कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर वैद्यकशास्त्रात आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर आणि त्यांच्या सहकारी सँड्रा बील यांनी १९८६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. महाविद्यालयातील ४६ विद्यार्थ्यांना सलग चार दिवस रोज १५ मिनिटे लिहायला बसवले. काहींना किरकोळ विषय दिले, काहींना आयुष्यातला सर्वात क्लेशकारक प्रसंग. जे प्रसंगाबरोबर आपल्या भावनाही लिहीत होते, त्यांचा रक्तदाब लिहून उठल्यावर किंचित वाढलेला आढळला आणि मनही खिन्न होते. पण पुढच्या सहा महिन्यांत आरोग्य केंद्राच्या पायऱ्या त्यांनी इतरांपेक्षा कमी वेळा चढल्या.

१९९९ साली दमा आणि संधिवाताच्या रुग्णांवर असाच प्रयोग झाला. तीन दिवस, रोज २० मिनिटे लेखन, औषधे नेहमीचीच. चार महिन्यांनी, क्लेशाविषयी लिहिणाऱ्यांपैकी सुमारे ४७ टक्के रुग्णांत लक्षणीय सुधारणा दिसली. साधे विषय लिहिणाऱ्यांत ती सुमारे २४ टक्के होती.

मात्र सगळेच प्रयोग इतके अनुकूल नाहीत. २००६ मध्ये अशा १४६ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेण्यात आला. फायदा आहे, पण सरासरीने लहान आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. तेव्हा लेखन हे रामबाण औषध नव्हे. दम्याचा पंप बाजूला ठेवून वही घेऊ नका.

फायदा का होत असावा? एक तर गोष्ट दाबून ठेवायला मनाला सतत जोर लावावा लागतो. दुसरे म्हणजे, लिहिताना विस्कळीत आठवणींना क्रम लागतो. पेनेबेकरांना पुढील अभ्यासांत असे दिसले, की ज्यांच्या लेखनात दिवसागणिक 'कारण', 'त्यामुळे', 'आता कळते' अशा अर्थाचे शब्द वाढत गेले, त्यांना लाभ अधिक झाला. तेच ते रडगाणे रोज गिरवण्यात फारसे हित नाही. मसुदा पुन्हा लिहायला लावणारी बाई म्हणूनच मला शहाणी वाटते.

यावर काही शिक्षक मित्रांनी आक्षेप घेतले, आणि ते योग्य आहेत. पहिला आक्षेप गुणांचा. मुलाच्या दुःखाला दहापैकी सहा गुण कसे द्यायचे? ते देऊच नयेत. गुण भाषेला, मांडणीला द्यावेत. दुसरा गुप्ततेचा. लहान गावात वर्गात वाचलेले संध्याकाळपर्यंत चावडीवर पोचते. कॅलिफोर्नियातील लाँग बीच येथे १९९४ पासून एरिन ग्रुवेल या इंग्रजीच्या शिक्षिकेने हिंसाचारात वाढलेल्या मुलांकडून रोजनिशी लिहून घेतली. त्या लेखनाचे पुस्तक १९९९ मध्ये निघाले, तेव्हा नोंदींवर मुलांच्या नावांऐवजी क्रमांक छापले गेले. भाचीच्या बाईंनीही पहिल्याच दिवशी सांगितले होते: वर्गाने वाचले तर चालेल एवढेच द्या, बाकीचे स्वतःच्या वहीत ठेवा.

तिसरा आक्षेप सर्वात गंभीर. एखाद्या मुलाने घरातल्या मारहाणीविषयी किंवा अत्याचाराविषयी लिहिले तर? तो निबंध तपासून परत द्यायचा नसतो. लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणे २०१२ च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे. मुलांसाठी १०९८ हा मदत क्रमांक आहे. मुलाच्या लिहिण्यात जिवाला कंटाळल्याचा सूर दिसला तर त्याच दिवशी पालकांशी आणि डॉक्टरांशी बोला. शासनाची 'टेलि-मानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत मिळते, मराठीतही.

ज्यांना घरी लिहून पाहायचे असेल त्यांनी एवढे पाळावे. घाव अगदी ताजा असताना, पहिल्या काही आठवड्यांत, मुद्दाम उकरू नये. निवांत जागी पंधरा-वीस मिनिटे, तीन-चार दिवस लिहावे. शुद्धलेखनाची फिकीर करू नये. लिहून झाल्यावर थोडा वेळ उदास वाटेल, ते स्वाभाविक आहे. पण फारच असह्य झाले तर थांबावे, विषय बदलावा. कागद कोणाला दाखवायचा की फाडून टाकायचा, हे लिहिणाऱ्याने ठरवावे. आणि पालकांनी मुलांच्या वह्या चोरून वाचू नयेत.

आता माझ्या फोनचे राहिले. त्या संध्याकाळी मी भाचीला परत फोन केला आणि चार वर्षांत कोणालाही न सांगितलेली गोष्ट सांगितली. त्या रात्री नाना मला म्हणाले होते, "पोरीला फोन लाव." ऑक्सिजन ८२ वर आला होता. बोलून दम लागेल म्हणून मी म्हणालो, "नाना, सकाळी लावू." पहाटे चारला ते गेले. डॉक्टर म्हणून माझा निर्णय चूक नव्हता, असे मी स्वतःला समजावत आलो आहे. मुलगा म्हणून मला तसे म्हणता येत नाही.

भाची थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मामा, हे मी लिहिणार नाही. आधी तू आईला सांग."

सांगितले. मला वाटले होते, बहीण आता जन्मभर बोलणार नाही. ती रडली, आणि मग तिने विचारले, "म्हणजे त्यांनी माझी आठवण काढली होती?" आपण आलो नाही म्हणून नाना नाराज होऊन गेले, असे ती इतकी वर्षे धरून बसली होती. आम्ही दोघे भावंडे एकाच रात्रीचे ओझे वेगवेगळे वाहत होतो, आणि ते उतरवायला पंधरा वर्षांच्या मुलीचा गृहपाठ कारणी लागला.

माझा रक्तदाब त्यामुळे उतरला, असे मी म्हणणार नाही. गोळी चालूच आहे. पण आपल्या गावातील शाळांना एक विनंती आहे. वर्षातून एक तरी निबंध असा द्या, की ज्याचे उत्तर कोणत्याही गाईडमध्ये नसेल. मुलांना खरे लिहू द्या, आणि जे द्यायचे नसेल ते वहीत राखून ठेवू द्या.