चढावरच्या माणसाची सवलत

ब्रिटनमध्ये नोकरदारांसाठी ‘सायकल टू वर्क’ ही करसवलत आहे. तिच्यावर अधूनमधून टीकेची झोड उठते, आणि अलीकडे त्या टीकेचा रोख असतो ई-सायकलींवर. दोन-अडीच हजार पौंडांची बॅटरीवाली सायकल चांगल्या पगाराच्या माणसाने घ्यायची आणि तिच्या किमतीचा चौथ्या हिश्श्याहून जास्त भार सरकारी तिजोरीने का उचलायचा, असा सवाल केला जातो. हा सवाल मोटारवाले करतात, सरकारी खर्चाला कात्री लावू पाहणारे करतात आणि जन्मभर सायकल मारलेले पक्के सायकलवालेही करतात. माझं म्हणणं सरळ आहे. ज्या कामासाठी ही योजना निघाली, ते काम सगळ्यात चोख ई-सायकलच करते. योजनेत अन्याय आहे आणि तो मोठा आहे, पण टीकाकार बोट दाखवतात तिथे तो नाही.

आधी व्यवहार नीट समजून घेऊ, कारण अर्धी भांडणं तो न समजल्यामुळेच होतात. १९९९च्या वित्त कायद्याने ही सवलत आली. नोकरी देणारा मालक सायकल विकत घेतो किंवा भाड्याने आणतो आणि कामगाराला वापरायला देतो. त्या बदल्यात कामगार आपल्या पगाराचा काही भाग सोडतो, तोही कर कापला जाण्याआधीच. त्या सोडलेल्या भागावर प्राप्तिकर लागत नाही आणि राष्ट्रीय विम्याचा हप्ताही लागत नाही. मुख्य अट ही की सायकलीचा वापर मुख्यतः कामाच्या प्रवासासाठी व्हावा. हेल्मेट, कुलूप, दिवे हेही याच खात्यात बसतात.

आकडे घ्या. ई-सायकल दोन हजार पौंडांची, हप्ते बारा. पगारपत्रकात दरमहा १६७ पौंडांची वजावट दिसते. पण त्यावरचा २० टक्के कर आणि ८ टक्के विमा वाचल्यामुळे हातात पडणारा पगार कमी होतो तो साधारण १२० पौंडांनी. वर्षाअखेरी सायकल आपोआप आपली होत नाही, आणि जाहिराती हा भाग बारीक अक्षरांत उरकतात. महसूल खात्याच्या कोष्टकाप्रमाणे पाचशे पौंडांहून महाग सायकलीची किंमत वर्षभरानंतर मूळ किमतीच्या २५ टक्के धरली जाते. ती एकरकमी भरणं टाळायचं म्हणून बहुतेक जण सात टक्के अनामत भरून आणखी तीन वर्षांचा वापरकरार करतात. म्हणजे वर आणखी १४० पौंड. सगळं धरून सायकल पडते १,५८० पौंडांना. बचत ४२० पौंड, म्हणजे २१ टक्के. जाहिरातीतल्या आकड्याहून ही कमी आहे, पण महिन्याच्या पगारावर जगणाऱ्याला ती कमी वाटत नाही, आणि बिनव्याजी हप्त्यांची सोय वेगळीच.

आता आक्षेप. पहिला येतो तो सायकलवाल्यांकडून. मोटर लावली की ती सायकल राहिली कुठे, व्यायाम कुठे राहिला, आळशी माणसाला सरकारने का पोसावं? या आक्षेपामागे दम आहे असं वाटतं, पण तो सपाट रस्त्यावरचा दम आहे. मी शेफील्डमध्ये राहते. हे शहर सात टेकड्यांवर वसलेलं आहे असं इथे अभिमानाने सांगतात. वॉक्लीच्या उभ्या गल्ल्यांत राहणाऱ्या आणि हॅलमशायर रुग्णालयात सकाळच्या पाळीला जाणाऱ्या माणसाला साधी सायकल सुचवून पाहा. उतारावरून तो जाईल, पण पुढच्या चढावर अर्ध्यात उतरून सायकल ढकलत, घामाने निथळत रुग्णालयात पोचेल. आठवड्याभरात तो पुन्हा मोटारीत बसलेला असेल. त्याला आळशी म्हणणाऱ्याने बारा तासांची पाळी उभ्याने काढून रात्री तो चढ चढून दाखवावा.

माझी एक सहकारी मूळची साताऱ्याची. लहानपणी सायकलवर वाढलेली, इथे येऊन सायकल सोडलेली. आता ती ई-सायकलवर येते. लाल दिव्यापाशी, ऐन चढावर, एक पाय टेकून थांबलेली असते. दिवा हिरवा झाला की पायडलवर जोर दिल्याबरोबर मोटर हलकासा गुर्र आवाज करते, मागून कुणी पाठीला हात लावावा तशी सायकल पुढे सरकते आणि मागच्या बसला खोळंबावं लागत नाही. पायडल मारणं थांबवलं की मोटरही थांबते. ब्रिटिश नियमाने या मोटरची सततची शक्ती २५० वॉटपेक्षा जास्त असता कामा नये आणि ताशी साडेपंधरा मैलांच्या, म्हणजे २५ किलोमीटरच्या पुढे तिने मदत देता कामा नये. तेवढ्यात राहिली तर कायदा तिला सायकलच मानतो: परवाना नाही, नोंदणी नाही, विम्याची सक्ती नाही, फक्त वय चौदा पूर्ण हवं. व्यायामाचं म्हणाल, तर सात युरोपीय शहरांतल्या लोकांचा एक अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात ई-सायकलवाल्यांची आठवड्याची एकूण हालचाल साध्या सायकलवाल्यांच्या जवळपास भरली. कारण उघड आहे. दर किलोमीटरला श्रम कमी, पण ते लांबचे आणि जास्त वेळाचे प्रवास करतात. आणि त्यातले जे पूर्वी मोटारीने जायचे, त्यांची हालचाल तर वाढलीच.

इथेच माझा मुख्य मुद्दा आहे. करसवलतीने साधी सायकल घेणारा माणूस बऱ्याचदा आधीपासूनच सायकलवाला असतो; जुनी देऊन चांगली घेतो. त्याचा मी हेवा करत नाही. पण सरकारला हवा असलेला बदल, मोटार घरी ठेवून माणसाने बाहेर पडण्याचा, तो चढ, अंतर, वय, गुडघे, पाठीवरचं सामान आणि मागच्या आसनावरचं मूल या सगळ्यांपाशी अडतो. ई-सायकल नेमका हा अडथळा काढते. तरी वीस वर्षं ही योजना व्यवहारात एक हजार पौंडांच्या मर्यादेत अडकली होती. ती मर्यादा करकायद्याची नव्हती, ग्राहककर्जाच्या परवान्याची होती. हजाराच्या आत धड ई-सायकल मिळत नाही, अपंगांसाठी बनवलेली तीनचाकी तर मुळीच नाही. जून २०१९मध्ये सरकारने नवं मार्गदर्शन काढून, अधिकृत परवाना असलेल्या संस्थेमार्फत हजारावरच्या सायकलीही देता येतात हे स्पष्ट केलं. म्हणून कुणी पुन्हा किमतीला मर्यादा घालायची भाषा करू लागला की मला राग येतो. पाच हजार पौंडांच्या शर्यतीच्या सायकलीला आळा घालायचा असेल तर खुशाल घाला, पण सरसकट मर्यादेत पहिली बाद होईल ती चढावरची ई-सायकल आणि अपंगाची तीनचाकी.

दुसरा आक्षेप तिजोरीचा. सरकारचा महसूल बुडतो हे खरं. पण महसुलाची एवढी चाड असेल तर हिशेब सगळ्यांचाच मांडला पाहिजे. पेट्रोल-डिझेलवरचा कर २०११पासून महागाईप्रमाणे वाढवलेला नाही. उलट मार्च २०२२मध्ये तो लिटरमागे पाच पेन्सांनी उतरवला. मालकाकडून मिळणाऱ्या विजेच्या मोटारीवर २०२५-२६मध्ये लाभमूल्य धरलं गेलं ते छापील किमतीच्या अवघ्या तीन टक्क्यांनी. चाळीस हजारांच्या मोटारीला सवलत दिली की त्याला उद्योगधोरण म्हणायचं आणि दोन हजारांच्या सायकलीला दिली की उधळपट्टी, हा न्याय मला मान्य नाही. पुण्या-मुंबईच्या वाचकांना हे ओळखीचं वाटेल. तिथेही कंपनीमार्फत मोटार भाडेपट्टीवर घेऊन कर वाचवण्याची रीत नोकरदारांत रुळलेली आहे. आणि ज्या पुण्याची ओळख एकेकाळी सायकलींचं शहर अशी होती, तिथल्या पगारपत्रकात सायकलीसाठी अशी ओळ माझ्या तरी पाहण्यात नाही.

लोक अट पाळत नाहीत, रविवारी फिरायलाच वापरतात, हा पोटआक्षेप. कायदा ‘मुख्यतः’ म्हणतो, ‘फक्त’ म्हणत नाही. रविवारी मुलांना घेऊन बागेत गेल्याने सोमवारचं कामावर जाणं खोटं ठरत नाही.

आमच्या मराठी मंडळींत वेगळीच शंका निघते, आणि ती रास्त आहे. पगार कागदावर कमी झाला तर निवृत्तिवेतनाचं काय, घरकर्जाचं काय? काही ठिकाणी मालकाचा निवृत्तिवेतनाचा वाटा कमी झालेल्या पगारावर मोजला जातो. प्रसूतिरजेचं वैधानिक वेतन आधीच्या काही आठवड्यांच्या सरासरीवर ठरतं, त्यामुळे बाळाची चाहूल असेल तर करार पुढे ढकलावा. नोकरी मध्येच सोडली तर उरलेले हप्ते शेवटच्या पगारातून, बहुधा कर कापून, वसूल होतात. चोरी झाली तरी हप्ते थांबत नाहीत. विमा आणि दणकट कुलूप पहिल्या दिवसापासून हवं. हे सगळं सही करण्याआधी विचारून घ्यावं. मात्र एवढ्यावरून योजनाच वाईट ठरवायची तर निम्मे नोकरीचे करार वाईट ठरतील.

तिसरा आक्षेप आगीचा, आणि त्याच्याकडे हसून पाहता येत नाही. लिथियमची बॅटरी पेटली तर मिनिटांत खोली जाते. लंडनमध्ये माणसं दगावली आहेत. लंडनचं अग्निशमन दल वर्षानुवर्षं सांगतं आहे की जास्त धोका कशात आहे: साध्या सायकलीला घरी जोडलेली मोटरची किट, ऑनलाइन बाजारातून घेतलेली अनोळखी बॅटरी, न जुळणारा चार्जर. करसवलतीतून सायकल मिळते ती नोंदणीकृत दुकानातून, उत्पादकाच्या हमीसह आणि त्याच बॅटरीसाठी बनवलेल्या चार्जरसह. आगीची भीती हे योजनेविरुद्धचं कारण होऊच शकत नाही. मग स्वस्तातली किट कोण जोडतं? बहुतेक करून रात्री जेवणाचे डबे पोचवणारा मुलगा. दिवसाचे दहा तास तो सायकलवरच असतो. त्याच्याइतकी सायकल कुणालाच लागत नाही, आणि त्यालाच ही सवलत नाही. कागदोपत्री तो स्वयंरोजगारी; त्याला मालक नाही, म्हणून सोडायला पगारही नाही.

अन्याय आहे तो इथे. योजनेचं दार श्रीमंताला जास्त उघडं आणि गरिबाला बंद आहे. शेवटची अनामत हिशेबात न धरता, दोन हजारांच्या त्याच सायकलीवर ४० टक्के कर भरणाऱ्याचे ८४० पौंड वाचतात, २० टक्केवाल्याचे ५६०. इतकंच नाही. पगार सोडल्यावर उरलेली रक्कम किमान वेतनाखाली जाता कामा नये असा नियम आहे. एप्रिल २०२५पासून एकवीस वर्षं किंवा त्याहून जास्त वयाच्या कामगाराचं किमान वेतन तासाला १२.२१ पौंड झालं. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेतल्या दुसऱ्या श्रेणीचा, म्हणजे रुग्ण इकडून तिकडे नेणाऱ्यांचा, साफसफाई करणाऱ्यांचा, परिचारिकांच्या मदतनिसांचा वार्षिक पगार त्या वर्षी २४,४६५ पौंड होता. किमान वेतनापर्यंतची मोकळीक मोजली तर वर्षाला सहाशे पौंडांच्या आसपास. एवढ्यात बारा महिन्यांत दोन हजारांची सायकल बसत नाही. पहाटे बस मिळत नाही म्हणून दोघांत मिळून टॅक्सी करणारी मदतनीस योजनेबाहेर, आणि तिच्याच वॉर्डातला सल्लागार डॉक्टर योजनेत. किमान वेतनाचा नियम तिच्या रक्षणासाठी आहे हे मला मान्य आहे, आणि तो मोडावा असं मी कधीच म्हणणार नाही. पण रक्षणाचा नियम सवलत अडवत असेल तर सवलत दुसऱ्या वाटेने द्यायला हवी.

योजनेवर रागावलेल्या माझ्या मित्रांचं उत्तर असतं की मग बंदच करा. बंद केल्याने त्या मदतनिसाला काय मिळणार? तिची सायकल येणार नाही. फक्त वरच्या मजल्यावरच्या परिचारिकेचीही जाईल. आणि परिचारिका काही धनाढ्य नव्हे, तीही २० टक्क्यांतलीच.

दुसऱ्या वाटा आजही आहेत. मालक हप्ते बारांऐवजी छत्तीस करू शकतो. तीन वर्षांवर वाटली तर बाराशे-पंधराशे पौंडांची साधीशी ई-सायकल त्या सहाशेच्या मोकळिकीत बसते, आणि त्यासाठी कायदा बदलावा लागत नाही. मालकालाही या पगारावरचा आपला १५ टक्क्यांचा विमा वाचतो. त्या वाचलेल्या पैशातून शेवटची सात टक्के अनामत त्याने भरली तर त्याच्या खिशाला झळ बसणार नाही. त्यापलीकडे, पगाराशी गाठ न बांधलेली मदत हवी. स्कॉटलंडमध्ये सरकारी पैशातून ई-सायकलीसाठी व्यक्तींना बिनव्याजी कर्ज देण्याची योजना राबवली गेली. तिच्यात मालक लागत नव्हता, कराची श्रेणी विचारली जात नव्हती. इंग्लंडच्या सरकारने तेच करावं, आणि डबे पोचवणाऱ्याने जुनी किट आणून दिली तर कर्जातली काही रक्कम माफ करावी. अग्निशमन दल ज्या बॅटऱ्यांबद्दल ओरडून सांगतं आहे, त्या मग जिन्याखाली चार्जिंगला लावलेल्या राहणार नाहीत.