टिचकी मारून पाहिलेली पृथ्वी

भूगोलाच्या तासाला सर जपानमधील भूकंपाविषयी सांगत होते. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, एवढी यंत्रे लावूनही पुढचा भूकंप कधी होणार हे सांगता येत नाही. मग त्यांचा उपयोग काय?" वर्ग हसला, मीही हसलो. पण तो प्रश्न काही केल्या मनातून जाईना. म्हणून कला शाखेचा विद्यार्थी असूनही हा लेखनप्रपंच.

बाजारात मडके घेताना आपण त्यावर टिचकी मारून पाहतो. आवाज बद्द आला की तडा असल्याचे कळते. त्यासाठी मडके फोडावे लागत नाही. पृथ्वीचे पोटही फोडून पाहता येत नाही. रशियात कोला येथे माणसाने खणलेले अतिखोल छिद्र जेमतेम १२ किलोमीटरचे, आणि पृथ्वीची त्रिज्या सुमारे ६,३७० किलोमीटर! तेव्हा शास्त्रज्ञांनी भूकंपालाच टिचकी मानले व तिचा आवाज ऐकायला ठिकठिकाणी यंत्रे बसवली.

भूकंपाच्या प्राथमिक लहरी यंत्रापाशी आधी पोहोचतात, दुय्यम लहरी मागाहून. या दोहोंतील वेळेच्या फरकावरून भूकंपाचे केंद्र किती दूर आहे हे काढता येते. जपानच्या कियो वादाती यांनी १९२८ मध्ये दाखवून दिले की काही भूकंप ३०० किलोमीटरहूनही खोल होतात. पॅसिफिक महासागराकडून आशिया खंडाकडे जावे तसतशी ही केंद्रे अधिक खोल जातात, हे त्यांनी १९३५ मध्ये मांडले. जणू जमिनीखाली उतरत जाणारा जिनाच! त्याचा अर्थ १९६० नंतरच्या दशकात उलगडला. समुद्रतळाचा प्रचंड भूपट्ट तेथे दुसऱ्या भूपट्टाखाली सरकत जातो. अशा जागेला अधोगमन क्षेत्र म्हणतात.

पुढे संगणक आले. थंड, घट्ट पट्टातून लहर किंचित लवकर येते, तप्त व अंशतः वितळलेल्या खडकातून उशिरा. हजारो भूकंपांच्या अशा वेळा एकत्र मांडल्या की रुग्णालयातील सीटी स्कॅनसारखे चित्र तयार होते. पट्ट कोठे वाकला, किती खोल गेला, ज्वालामुखीखाली खडक कोठे वितळतो आहे, हे त्यात दिसते.

हे चित्र तारीख सांगत नाही, हे खरेच. पण धोका कोठे आहे आणि तो केवढा असू शकेल, याचा अंदाज त्यावरून बांधता येतो. घर किती मजबूत बांधावे, किनाऱ्यावरच्या गावाने किती उंचावर पळावे, हे ठरवायला तारीख लागत नाही.

अर्थात हे चित्र अपुरेही असते. ११ मार्च २०११ रोजी जपानच्या ईशान्य किनाऱ्याजवळ ९ महत्तेचा भूकंप झाला, तेव्हा बहुतेक यंत्रे जमिनीवर होती. सागरी खंदकाजवळच्या भागात फारसा ताण साठत नसावा, असे अनेकांना वाटे. नेमका तेथेच समुद्रतळ सुमारे ५० मीटर सरकला. भूकंप आणि त्सुनामीत अठरा हजारांहून अधिक माणसे मेली वा बेपत्ता झाली. त्यानंतर जपानने तेथे समुद्रतळावर १५० ठिकाणी यंत्रे बसवली. यावरून यंत्रे व्यर्थ ठरतात का? माझ्या मते नाही. जेथे कान नव्हता, तेथेच आपण बहिरे ठरलो, एवढेच.

आणि हे केवळ जपानचे दुखणे नाही. अरबी समुद्राच्या उत्तरेस, इराण-पाकिस्तानच्या किनाऱ्याला लागून मकरानचे अधोगमन क्षेत्र आहे. १९४५ च्या नोव्हेंबरअखेरीस तेथे झालेल्या भूकंपाच्या लाटा मुंबईपर्यंत आल्या आणि येथेही माणसे दगावली. त्या क्षेत्राचा पश्चिम भाग केवढा भूकंप घडवू शकेल, याविषयी तज्ज्ञांत आजही एकमत नाही. जपानसारखे यंत्रांचे दाट जाळे तेथील समुद्रतळावर नाही. ते उभारायचे तर शेजाऱ्यांनी राजकारणातली भांडणे बाजूला ठेवून नोंदी एकमेकांना द्यायला हव्यात, आणि समुद्र शांत असतानाच खर्च करायला हवा. लाटेला सरहद्द कळत नाही.

मागच्या बाकावरील मित्रा, तुझ्या प्रश्नाला माझे उत्तर हे असे आहे. मडके भरून उचलल्यावर फुटले, की टिचकी मारायची राहिली म्हणून हळहळण्यात काय अर्थ?