‘आधी दारू सोड, मग बघू’

‘भावा, थेरपिस्टकडे जा ना!’ हा सल्ला हल्ली रील्सवर फुकट मिळतो. आता माकणीच्या स्टँडवर उभं राहून फोनमध्ये टाका, ‘थेरपिस्ट निअर मी’. नकाशा लहान लहान होत जातो, लातूर-सोलापूर दाखवतो आणि शेवटी पुण्यावर जाऊन थांबतो. पुण्यात एका सेशनचे हजार-दीड हजार सहज जातात. महिन्याला चार सेशन धरली तर सोयाबीनची एक-दोन पोती गेली, एसटीचं भाडं वेगळंच. घरी काय सांगणार, बोलायला चाललोय म्हणून?

असा एक जण तुमच्या ग्रुपमध्ये असतोच. पोलीस भरतीत दोनदा थोडक्यात हुकलेला. सोयरीक जमेना. रात्री झोप नाही. आधी शनिवारी ढाब्यावर एखादी बिअर, मग रोजची चपटी, आणि आता दिवसाही डोळे लाल. तो पितो म्हणून उदास आहे की उदास आहे म्हणून पितो, हे त्यालाही सांगता येणार नाही. घरचे म्हणतात, ‘आधी दारू सोड, मग बघू तुझं टेन्शन-बिन्शन.’ दोस्त म्हणतात, ‘येड्याच्या डॉक्टरकडं कशाला जायलास? घे एक, बरं वाटतंय.’ दोन्हीकडून दार बंद.

माझं भांडण या ‘आधी-मग’शी आहे.

म्हणजे त्यात काहीच तथ्य नाही असं नाही. दारू स्वतःच मन खाली ओढते, झोप मोडते. पिणं थांबल्यावर काही आठवड्यांत अनेकांची उदासी बरीच ओसरते, म्हणून डॉक्टरही दारूबद्दल आधी विचारतात. पण ज्याच्यासाठी दारू हेच झोपेचं औषध झालंय, त्याला ‘सोड आणि मग ये’ म्हणणं म्हणजे पाय मोडलेल्याला ‘चालत दवाखान्यात ये’ म्हणणं. दारू आणि मन, दोन्हींवर एकाच वेळी काम करावं लागतं. आपला कायदाही हेच धरून चालतो. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात मानसिक आजाराच्या व्याख्येतच दारू आणि इतर नशांमुळे होणारे मानसिक त्रास घेतलेत. म्हणजे तो बेवडा नाही, पेशंट आहे. आणि त्याने डॉक्टरला जे सांगितलं ते गुप्त ठेवण्याचा हक्क त्याला याच कायद्याने दिलाय.

२०१९ मध्ये केंद्र सरकारने दिल्लीच्या एम्सकडून केलेल्या पाहणीचा अहवाल आला. त्यातला एक आकडा मी वहीत लिहून ठेवलाय : दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांमागे एकालाच कसलीतरी मदत मिळते. उरलेले ३७ जण कुठं जातात? आपल्याकडं तरी ते माळ घालतात, शपथ घेतात, नाहीतर भिंतीवर रंगवलेल्या ‘न सांगता दारू सोडवा’वाल्या नंबरला फोन लावतात.

माळेला मी हसणार नाही. माळ घातली की भजनाला बसायला माणसं मिळतात, संध्याकाळ भरते, आणि पिणाऱ्याला संध्याकाळच तर खायला उठते. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस हा १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेला गटही याच जोरावर टिकलाय : पिणारे एकत्र बसतात, आपापलं बोलतात, फी नाही, आडनाव विचारत नाहीत. महाराष्ट्रातही त्यांच्या मीटिंग होतात, ऑनलाइनही होतात. पण त्या भिंतीवरच्या जाहिरातींपासून चार हात लांब राहा. दारू सोडवायला डॉक्टर देतात अशी एक गोळी आहे, जिच्यावर दारू पडली की शरीरात भयंकर रिअ‍ॅक्शन येते. पेशंटला सांगून, तपासून द्यायचं औषध आहे ते. कुणाच्याही भाजीत कुठलीही पूड न सांगता कालवणं म्हणजे जिवाशी खेळ.

तितकीच महत्त्वाची दुसरी गोष्ट. जो रोज भरपूर पितो त्याने जिद्दीने एका दिवसात एकट्याने बंद करू नये. दोन-तीन दिवसांत हात थरथरणं, घाम, भास, झटके येऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. अशा वेळी ‘बघा, दारू सोडली तर याड लागलं’ असं म्हणत बसू नका. सरळ दवाखाना गाठा.

व्यसनमुक्ती म्हटलं की मराठी माणसाला पुण्याचं मुक्तांगण आठवतं. डॉ. सुनंदा (अनिता) अवचट आणि अनिल अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ ला ते सुरू केलं, पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांनी आर्थिक बळ दिलं. सुनंदाताई स्वतः मानसोपचारतज्ज्ञ. त्यामुळं तिथं औषधाबरोबर बोलणं, गट, घरच्यांना सोबत घेणं हे सगळं आलं. पेशंटच्या बायकांसाठी ‘सहचरी’ गट आहे. काम मोठंच. पण तिथं महिनाभराहून जास्त राहावं लागतं, आणि ऐन सुगीत कुठला बाप पोराला इतके दिवस पाठवील? शिवाय प्रत्येक पिणाऱ्याला भरती व्हायची गरजही नसते. कुठल्याही केंद्रात पाठवण्याआधी मात्र एक विचाराच : सरकारी नोंदणी आहे का, घरच्यांना भेटता येतं का? ‘आम्ही गाडी घेऊन येतो, उचलून नेतो’ असं कुणी म्हणालं तर फोन ठेवा.

मग माकणीच्या मुलासाठी काय? मला उत्तर गोव्यात सापडलं. तिथल्या ‘संगाथ’ या संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. जास्त पिणाऱ्या पुरुषांशी फार तर चार वेळा बोलायचं. बोलणारे डॉक्टर नव्हते, मानसशास्त्राचे पदवीधरही नव्हते. त्याच भागातली, नीट ट्रेनिंग दिलेली साधी माणसं होती. तीन महिन्यांनी ज्यांच्याशी असं बोललं गेलं त्यांच्यातल्या ३६ टक्क्यांचं घातक पिणं थांबलं होतं. ज्यांना नेहमीचीच सेवा मिळाली त्यांच्यात २६ टक्के. दहा टक्क्यांचा फरक चार गप्पांत! यात पूर्ण आहारी गेलेले धरले नव्हते, त्यांना डॉक्टर लागतोच. पण तुमचा-माझा तो दोस्त बहुधा अजून चार गप्पांच्याच टप्प्यावर आहे.

चार गप्पा, हो. त्यासाठी पुणं कशाला लागतं?

आज लगेच काय करता येईल तेही सांगते. १४४१६ हा ‘टेलि-मानस’चा नंबर आहे. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू, चोवीस तास, फुकट, मराठीत. नुसत्या व्यसनासाठी १४४४६. धाराशिवच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी आहे, केसपेपर काढा आणि बसा. खासगीत गेलात तर एवढं लक्षात ठेवा : मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर मनाच्या आजारांचं शिकलेला, औषध देणारा डॉक्टर. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे आरसीआयची नोंदणी असते, ती मागायला लाजू नका. इन्स्टावरचा ‘लाइफ कोच’ यातलं काहीच नसतो.

आणि आत गेल्यावर अर्धंच सांगू नका. बरेच जण ‘झोप येत नाही’ एवढंच बोलतात, झोपेच्या गोळ्या घेऊन येतात आणि रात्री वरून क्वार्टर घेतात. हे मिश्रण श्वास थांबवू शकतं. म्हणून एका दमात सगळं सांगा : ‘मी आठवड्यातून इतके दिवस, इतकी पितो. झोप लागत नाही. कधी कधी जगूच नये वाटतं.’ तोंडातून निघत नसेल तर मोबाइलच्या नोट्समध्ये लिहा आणि फोन डॉक्टरपुढं धरा. तुम्ही सोबत गेलेले दोस्त असाल तर बाहेर बाकावर बसा, तो बाहेर आल्यावर ‘काय म्हणाले?’ विचारू नका. चहा पाजा. आणि ‘जगू नये’ हा विषय निघाला असेल तर त्या रात्री त्याला एकटं सोडू नका.

‘मुलगी असून दारूवर काय लिहितेस?’ असं मला दोघा-तिघांनी विचारलं. दारूचा विषय बायकांचा नाही असं कोण म्हणतं? गावातलं दुकान बंद करायला ‘आडवी बाटली’चं मतदान घेतात ते बायकांचंच. मला त्या मतदानाचा अभिमान आहे. पण बाटली आडवी झाली तरी पिणारा पुढच्या गावाला जातो. त्याची झोप, त्याची हुकलेली भरती, त्याचं रडू त्याच्यासोबतच जातं. आपल्या पट्ट्याला हे नवीन नाही. १९९३ च्या भूकंपानंतर कोण कसं प्यायला लागलं याच्या गोष्टी पारावर अजून निघतात.

२०१५-१६ मध्ये शेतकरी आत्महत्या जास्त असलेल्या १४ जिल्ह्यांत सरकारने ‘प्रेरणा प्रकल्प’ आणला, त्यात आपला जिल्हा होता. आशाताई घरोघरी जाऊन माणसांच्या मनाची विचारपूस करणार, अशी ती कल्पना. म्हणजे गोव्यातल्या प्रयोगाला लागतं तसं माणूस आपल्याकडं आधीच आहे, दारात येतं, घरातल्या सगळ्यांना नावानं ओळखतं. मात्र त्याच आशाताईवर आणखी एक काम फुकटात लादू नका. तिला ट्रेनिंग द्या, त्याचे पैसे द्या, नाहीतर त्यासाठी गावातलं वेगळं माणूस नेमा.

पुढची ग्रामसभा लागेल तेव्हा रस्ता आणि पाणी झालं की हात वर करा. विचारा, आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात समुपदेशक आठवड्यातून कुठल्या वारी बसणार, किती ते किती? उत्तर काहीही येवो, प्रश्न तेवढा इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा.