टीव्हीच्या पोटात व्हिडिओ गेम

मागे कुबड असलेला जाड टीव्ही आता घरात कुणालाच नको असतो. तो माळ्यावर चढतो, नाहीतर भंगारवाल्याच्या गाडीवर. आमच्या चेन्नईत मात्र असे टीव्ही उदंड. १५ सप्टेंबर २००६ ला तमिळनाडू सरकारनं टीव्ही नसलेल्या कुटुंबांना १४ इंची रंगीत संच मोफत द्यायला सुरुवात केली. २०११ मध्ये सरकार बदललं आणि योजना थांबली. तोवर दीड कोटीहून जास्त संच वाटून झाले होते, आणि ते सगळे पिक्चर ट्यूबचे.

या जुन्या टीव्हीत छोटा कॉम्प्युटर बसवून त्याचा गेम कन्सोल करण्याची हौस सध्या बऱ्याच जणांना आहे. कल्पना छानच आहे. पण त्यासाठी पुष्कळ जण आधी पिक्चर ट्यूब काढून टाकतात आणि त्या जागी चपटा एलसीडी पडदा लावतात. ट्यूब बंद पडली असेल तर ठीक. चालू ट्यूब काढणं मात्र नारळ फोडून पाणी ओतून द्यायचं आणि करवंटी ठेवायची, असं आहे.

कारण ते गेम ट्यूबसाठीच बनले होते. निन्टेन्डोचा ‘फॅमिली कॉम्प्युटर’ जपानमध्ये १९८३ मध्ये आला आणि ‘सुपर मारिओ’ १९८५ मध्ये. आपल्याकडे नव्वदीत जे ‘टीव्ही गेम’ मिळायचे, कॅसेट फुंकून लावायचे, ते बहुतेक याच मशिनच्या नकला होते. त्यांचं चित्र जेमतेम २४० आडव्या रेषांचं. आजच्या पडद्यावर ते चौकोनी ठोकळ्यांचं दिसतं. ट्यूबवर त्याच ठोकळ्यांच्या कडा किंचित विरघळतात आणि चित्र गोलसर, जिवंत वाटतं. चित्रकारांनी हे गृहीत धरूनच काम केलं होतं. १९९१ च्या ‘सोनिक’मधला धबधबा पाहा. प्रत्यक्षात तिथे नुसत्या उभ्या पट्ट्या आहेत. जुन्या टीव्हीवर त्या एकमेकींत मिसळतात आणि पाणी पारदर्शक दिसतं.

दुसरी गंमत बदकं मारायच्या बंदुकीची. ती बंदूक काही सोडत नाही, उलट पाहते. घोडा ओढला की क्षणभर पडदा काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीच्या नळीतल्या सेन्सरला तो उजेड दिसला, की बदक पडलं. ट्यूबवर चित्र आलं तसं त्याच क्षणी उमटतं, म्हणून हा हिशोब जुळतो. एलसीडी चित्र दाखवायला किंचित उशीर करतो, त्यामुळे ती जुनी बंदूक नव्या टीव्हीवर आंधळी होते.

आता कृतीकडे वळू. सामान थोडं लागतं: रास्पबेरी पाय नावाचा, पत्त्यांच्या कॅटएवढा कॉम्प्युटर, मेमरी कार्ड, एव्ही केबल, मोबाइलसारखा ५ व्होल्टचा चार्जर आणि दोन यूएसबी जॉयस्टिक. चेन्नईत अण्णा सालैलगतच्या रिची स्ट्रीटवर एका फेरीत हे मिळून जातं. मुंबईकरांनी लॅमिंग्टन रोड गाठावा, पुणेकरांनी तपकीर गल्ली. पायचं ‘३ बी’ मॉडेल या कामाला सोयीचं, कारण त्याच्या गोल जॅकमधून आवाजाबरोबर चित्रही निघतं. कार्डावर ‘रेट्रोपाय’ हे मोफत सॉफ्टवेअर चढवायचं.

इथे दोन ठिकाणी बहुतेकांचं घोडं अडतं. पहिली केबल. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या केबलींची आतली जोडणी वेगवेगळी असते. पिवळी पिन लावून चित्र आलं नाही, तर टीव्हीच्या पिवळ्या खाचेत लाल पिन लावून बघा. दुसरी गोष्ट रंगाची. पाय सुरुवातीला अमेरिकी ‘एनटीएससी’ पद्धतीचं चित्र पाठवतो आणि आपले टीव्ही ‘पाल’ पद्धतीचे. चित्र काळं-पांढरं दिसलं, तर सेटिंगमध्ये ‘पाल’ निवडायचं. जुने गेम अजूनही कंपन्यांच्या मालकीचे आहेत, तेव्हा हौशी मंडळींनी या जुन्या मशिनांसाठी नव्यानं बनवून मोफत दिलेले गेम घ्या. तेही भरपूर आहेत.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे मुलांना वाचून दाखवा. टीव्हीचं मागचं झाकण घरी उघडायचं नाही. रंगीत पिक्चर ट्यूबला वीस हजार व्होल्टच्या आसपास दाब लागतो. मेकॅनिक ज्याला एलओटी म्हणतात, तो ट्रान्सफॉर्मर हा दाब तयार करतो. प्लग काढल्यावरही ट्यूबमध्ये भार साठून राहू शकतो. शिवाय ट्यूब आतून निर्वात असते. तिच्या मानेला धक्का लागला तर काच फुटून उडते.

मग कन्सोल टीव्हीच्या पोटात बसवायचा कसा? दोन मार्ग आहेत. पाय एका छोट्या प्लॅस्टिकच्या डबीत घालून झाकणाच्या बाहेर, कुबडाखाली चिकटवायचा. समोरून टीव्हीच दिसतो, वारा लागतो आणि धोका नाही. आतच हवा असेल तर ट्यूबच्या टीव्हीवर हात बसलेल्या मेकॅनिककडूनच बसवून घ्या. त्याला दोन गोष्टी सांगा: पायला वीज वेगळ्या चार्जरची द्यायची, टीव्हीच्या सर्किटमधून नाही, आणि हवा खेळायची भोकं बुजवायची नाहीत.

टीव्हीला एव्हीची एकच खाच असेल, तर स्विच असलेला एव्ही सिलेक्टर लावा. एका बटणावर आजीची मालिका, दुसऱ्यावर नातवाचा मारिओ. गेम थांबवून तासन्‌तास एकच चित्र ठेवू नका, ट्यूबवर त्याचा डाग पडतो. जुना मोठा स्पीकरही जवळ नको. त्यातल्या चुंबकानं रंग बिघडतात.

ट्यूब खरंच मेली असेल, तर खोक्यात एलसीडी जरूर बसवा. पण ट्यूब काढायचं काम मेकॅनिकचंच, आणि ती भंगारात फोडायला द्यायची नाही. तिच्या मागच्या नरसाळ्यासारख्या भागाच्या काचेत साधारण पाचवा हिस्सा शिशाच्या ऑक्साइडचा असतो. तांब्याच्या कॉइलसाठी ट्यूब उघड्यावर फोडली, की ते शिसं माती-पाण्यात जातं आणि फोडणाऱ्याच्या अंगातही. मान्यताप्राप्त ई-कचरा केंद्रातच ती द्यावी.

रास्पबेरी पाय बिघडला तर उद्या दुसरा मिळेल. जॉयस्टिक, केबल, चार्जर सगळं नवं मिळेल. घरगुती टीव्हीची पिक्चर ट्यूब मात्र आता कारखान्यात बनत नाही. आहेत तेवढ्याच, आणि दर आठवड्याला थोड्या कमी होतात. माळ्यावरचा टीव्ही खाली काढाल, तेव्हा धूळ पुसा, वायर कुठे सोललेली नाही ना ते पाहा आणि मगच प्लग लावा. पडदा उजळला, तर तुमच्या कन्सोलचा सर्वांत दुर्मीळ भाग घरातच आहे असं समजा.